द्राक्षमळ्यांच्या बांधावरून: बोन ते माकों

फ्रान्समधल्या बर्गंडीत सायकलवर फिरून आले म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात: वाइन किती प्यायलीस आणि चढ किती होते. रस्त्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखं खरं तर तेच आहे. बोनपासून माकोंपर्यंत आमचा जवळजवळ सगळा प्रवास दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी झालेल्या वाटांवरून झाला. आधी मळेवाल्यांचे ट्रॅक्टरचे रस्ते, मग कालव्यात बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट आणि शेवटी रूळ उखडलेली रेल्वेलाइन. मोटारींना या वाटांवर काही कामच नाही, म्हणून शांतता.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. दादाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. नाशिक–पंढरपूर सायकल वारी तो चुकवत नाही आणि गळ्यात माळ असल्यामुळे दारूला शिवत नाही. मी जर्मनीत राहते, तो शेतीची अवजारं बघायला युरोपात आला होता, आणि "द्राक्षं बघायची तर फ्रान्सचीच बघू" हा हट्ट त्याचाच. माळकऱ्याला घेऊन बर्गंडीत जाण्यावरून घरात भरपूर थट्टा झाली. पण वाइनचे ग्लास हलवत बसणाऱ्या कुठल्याही मित्रापेक्षा मला दादाकडून जास्त कळलं, कारण त्याची नजर बाटलीवर नव्हती, वेलीवर होती.

बोनमध्ये ऑतेल-द्यू पाहिल्याशिवाय निघू नये. बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलां आणि त्याची बायको गिगोन द सालां यांनी 1443 मध्ये गोरगरिबांसाठी काढलेलं हे इस्पितळ 1971 पर्यंत चालू होतं. सगळे फोटो काढतात ते रंगीत, चकचकीत कौलांच्या छपराचे. मी मात्र लाल पडद्यांच्या खाटांची लांबलचक ओळ बघत जास्त वेळ थांबले. एवढा खर्च चालायचा कशावर? दान आलेल्या द्राक्षमळ्यांवर. आजही संस्थेकडे सुमारे 60 हेक्टर मळे आहेत आणि दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्यांच्या वाइनचा लिलाव होतो. हा लिलाव 1859 पासूनचा. दादा म्हणाला, "म्हणजे आपल्या देवस्थानाच्या इनाम जमिनीसारखंच की!" थोडंफार तसंच.

बोनमधून बाहेर पडलं की पाटी लागते: व्हुआ दे व्हीन्य, द्राक्षमळ्यांची वाट. पोमार, वोल्ने, म्यर्सो, प्युलिन्यी, शासान्य करत ती सांतनेला पोचते. अंतर बावीस-तेवीस किलोमीटर. सराईत सायकलस्वार दीड तासात उरकेल, आम्हाला अख्खा दिवस पुरला नाही. सिमेंटची अरुंद पट्टी, एका बाजूला दगडावर दगड रचून केलेली भिंत, दुसऱ्या बाजूला वेली थेट चाकाला लागाव्यात इतक्या जवळ. जून लागलेला, वेली फुलोऱ्यात होत्या. तो वास फार मंद असतो, आणि सायकलवरच येतो. गाडीची काच खाली केली तरी येणार नाही.

पोमारच्या पुढे दादाने पहिला ब्रेक दाबला. सायकल भिंतीला टेकवली, उकिडवा बसला आणि खोड बघायला लागला. वेली कमरेएवढ्याच उंच. आपल्याकडचा मांडव नाही की वाय आकाराचे अँगल नाहीत, फक्त खुंट्या आणि तीन-चार तारा. दोन ओळींत जेमतेम मीटरभर जागा आणि दोन झाडांतही तेवढीच. हेक्टरी साधारण दहा हजार झाडं. "म्हणजे एकरी चार हजार! आपण आठ-नऊशेवर थांबतो," तो म्हणाला आणि लगेच जमिनीवर काहीतरी शोधू लागला. ठिबकची नळी. ती कुठेच नव्हती. इथल्या वेलींनी पाऊस पडेल तेवढ्यावर भागवायचं आणि मुळं खाली चुनखडीत घालायची. माल किती काढायचा त्यालाही कायद्याने मर्यादा. जास्त काढला तर लेबलावर गावाचं नाव लावता येत नाही. एकरी दहा टनांचा हिशेब डोक्यात असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

इतक्यात एक ट्रॅक्टर आला. उंच लोखंडी पायांवर उभा, मधे मोकळं पोट, आणि धोतर वर खोचून ओढा ओलांडणाऱ्या माणसासारखा वेलींच्या ओळीवरून चाललेला. ओळ त्याच्या पोटाखालून सरकते, चाकं दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून. रस्त्यावर आल्यावर त्याने आम्हाला बघून वेग कमी केला, आम्ही कडेला झालो, त्याने हात केला. दिवसभरात या रस्त्यावर भेटलेली वाहतूक म्हणजे असे सात-आठ ट्रॅक्टर आणि एक टपालाची पिवळी गाडी. मुख्य रस्त्यावरसुद्धा गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं असा नियम आहे, आणि आम्हाला तरी तो बहुतेकांनी पाळलेला दिसला.

म्यर्सोजवळ बायका-माणसांची एक टोळी तारा वर उचलत होती. वाढलेले शेंडे दोन तारांमध्ये उभे धरायचे आणि तारा छोट्या क्लिपने एकमेकींना अडकवायच्या. हात इतके सरावलेले, की बोलता बोलता ओळ संपत होती. माझ्या मोडक्या फ्रेंचचा पूल करून दादाने त्यांच्यातल्या एका बाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या. आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी, वर्षातून दोनदा छाटतो, हे ऐकून त्या हातातलं काम थांबवून हसल्या. इथे छाटणी एकदाच, ऐन थंडीत, वेल झोपलेली असताना. मग त्यांनी भिंतीलगत रचून ठेवलेले काजळलेले पत्र्याचे डबे दाखवले. एप्रिलच्या रात्री पारा शून्याखाली जायला लागला की या डब्यांतलं मेण पेटवून ओळीओळीत ठेवतात. कोवळे कोंब वाचावेत म्हणून रात्रभर जागतात, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये एवढं करूनही मोठं नुकसान झालं होतं. हे भाषांतर करून सांगायच्या आधीच दादाला समजलं होतं. निफाडला पारा चार-पाचवर आला की बागेत शेकोट्या पेटवून तोही रात्री काढतो.

खोडाच्या बुडाशी कलमाची गाठ त्याने बरोबर शोधली. 1870 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मूळ खाणारी कीड बर्गंडीत पोचली आणि मळेच्या मळे गेले. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकी जंगली द्राक्षाच्या खुंटावर इथल्या जाती बांधण्याचा. दादाच्या बागेतला डॉगरिजचा खुंटही मूळचा टेक्ससचा, फक्त आपण तो क्षारपड जमिनीसाठी आणि पाण्याच्या ओढीसाठी वापरतो. म्हणजे जमिनीखाली दोघांचीही झाडं अमेरिकनच.

प्युलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या मधे मोंराशे आहे. जगातल्या सर्वांत महाग पांढऱ्या वाइनपैकी एक या जेमतेम आठ हेक्टरांत पिकते. दोन्ही गावांनी 1879 मध्ये आपापल्या नावाला मोंराशे जोडून घेतलं, यावरून किंमत कळावी. प्रत्यक्षात तिथे काय आहे? एक बुटकी भिंत, एक दगडी कमान आणि उतारावर इतरांसारख्याच वेली. तिकीट नाही, पहारेकरी नाही. पन्नास पावलं खाली गेलं की त्याच जातीची वेल, तोच मालक असला तरी बाटलीची किंमत कित्येक पटींनी उतरते. बर्गंडीत अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या 1,247 तुकड्यांना 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. या तुकड्यांना क्लिमा म्हणतात. दादाला यात नवल वाटलं नाही. त्याच्याही शेतात खालचं वावर, विहिरीचं वावर, चिंचेचं वावर असं आहेच, आणि कुठल्या वावरातला माल गोड हे त्याला पाठ आहे. "फक्त आपल्याला त्याचे पैसे मिळत नाहीत," एवढंच तो म्हणाला. मी प्युलिन्यीत वाइनचा एक ग्लास घेतला, साध्या, लेबलावर फक्त गावाचं नाव असलेल्या दर्जाचा. छान होता. त्याहून जास्त लिहिण्याइतकी माझी जीभ तयार नाही.

जेवणाचं सांगायला हवं, कारण इथे पंचाईत होते. दुपारी बारा ते दोन सगळं गाव कुलूपबंद, सोमवारी तर बेकरीसुद्धा नाही. हॉटेलात शाकाहारी म्हणून जे मिळतं ते ऑम्लेट. आम्ही सकाळीच लांब पाव, बकरीच्या दुधाचं चीज आणि टोमॅटो घ्यायचो आणि दादाने निफाडहून आणलेली शेंगदाण्याची चटणी त्यावर. पिण्याच्या पाण्यासाठी दफनभूमीचा नळ शोधावा, तो बहुतेक गावांत असतो. दादाला ही कल्पना अजिबात आवडली नव्हती.

सांतनेनंतर कालवा. 1790 च्या दशकात सुरू झालेल्या या कालव्याने सोन नदी ल्वार नदीला जोडली. काठची वाट सपाट, सावलीची आणि खरं सांगायचं तर थोडी कंटाळवाणी. शालों-स्युर-सोनला निसेफोर निएप्स जन्मला, ज्याने जवळच्याच खेड्यात खिडकीतून टिपलेलं दृश्य हे टिकून असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र. नदीकाठी त्याच्या नावाचं छायाचित्रणाचं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तो दिवस सोडून ते बहुधा रोज उघडं असतं.

जिव्रीपासून व्हुआ व्हेर्त, म्हणजे हिरवी वाट. जुनी रेल्वेलाइन उखडून 1997 मध्ये क्लुनीपर्यंत केलेली ही वाट, सुमारे 44 किलोमीटर, फ्रान्समधली या प्रकारची पहिली. आगगाडीला चढ सोसत नाही म्हणून सायकललाही सोसावा लागत नाही. जुनी छोटी स्टेशनं अजून फलाटासकट उभी आहेत. ब्युसीनंतर मळे विरळ होतात, पांढऱ्या शारोले गाई दिसायला लागतात. सां-जांगूच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की सायकल हातात धरून चालावं. कोर्मातांहून वाट सोडून थोडं आत शापेजला मात्र जाच. अकराव्या शतकातलं दगडी चर्च, आत एक चित्र नाही की सोनं नाही, फक्त जाडजूड गोल खांब, आणि ते चक्क कललेले. दादा तिथे बराच वेळ बसून राहिला. बाहेर आल्यावर "आपल्या सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात दुपारी असंच थंड असतं," म्हणाला.

क्लुनीत बघायचं ते बहुतांशी नाहीच. 910 मध्ये स्थापन झालेल्या या मठाचं तिसरं चर्च 1088 मध्ये बांधायला घेतलं. लांबी 187 मीटर. रोमचं सेंट पीटर नव्याने उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. राज्यक्रांतीनंतर ते व्यापाऱ्यांना विकलं, आणि त्यांनी सुरुंग लावून दगड काढले, विकले. हे काम 1823 पर्यंत चाललं. आज क्रुसाच्या आकाराच्या त्या चर्चच्या आडव्या बाहूचा एक तुकडा आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा उरलाय. त्या तुकड्यात उभं राहून वर बघितलं तरी मान दुखते. मग बाहेर येऊन जमिनीवर उघडे ठेवलेले खांबांचे बुंधे मोजत चालायचं. एवढा वेळ चालत राहावं लागतं, की मोडणाऱ्यांचा राग येतो.

क्लुनीच्या पुढे बुआ-क्लेरचा बोगदा, 1.6 किलोमीटर. भर जूनमध्ये आत स्वेटर लागतो. थंडीत तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात आणि सायकलवाल्यांनी डोंगरावरून जायचं. बाहेर पडलं की माकोंपर्यंत उतारच उतार आणि पुन्हा द्राक्षं. तिथून लोकल गाडीत सायकली चढवल्या की तासाभरात बोन. जायचं असेल तर जूनचा पहिला पंधरवडा धरा. सप्टेंबरात तोडणी असते, तेव्हा हेच रस्ते ट्रॅक्टर आणि मजुरांच्या गाड्यांनी भरलेले असतात. दादाला मात्र आता तोडणीच बघायची आहे.