पॉवर वाढवली आणि लिंक पडली

नाशिक ते नागपूर, सुमारे ७०० किलोमीटर फायबर. वाटेत आठ ठिकाणी ॲम्प्लिफायर, म्हणजे फायबरचे नऊ तुकडे, नऊ स्पॅन. ४० चॅनेल, म्हणजे प्रकाशाच्या ४० वेगवेगळ्या तरंगलांबी, प्रत्येकावर सेकंदाला २०० गिगाबिट. कागदावर हिशोब जुळत होता. लिंक उभी राहिली तेव्हा मात्र मार्जिन, म्हणजे लिंक पडण्याआधी हाताशी असलेली शिल्लक, निघालं ०.४ डेसिबल, आणि स्वीकृती चाचणीला हवं होतं १.५. मधले १.१ डेसिबल शोधण्यात माझे बारा दिवस गेले.

सुरुवातीला मला उपाय सरळ वाटला. ॲम्प्लिफायर घटलेला प्रकाश पुन्हा वर आणतो, पण त्यातले एर्बियमचे आयन आपणहूनही प्रकाश सोडत असतात. हा नको असलेला प्रकाश म्हणजे एएसई नॉइज, आणि तो प्रत्येक स्पॅनला साचत जातो. मग सिग्नलच मोठा करावा! दर चॅनेलची लाँच पॉवर, म्हणजे स्पॅनच्या सुरुवातीला फायबरमध्ये सोडलेली पॉवर, शून्यावरून १ डीबीएमवर नेली (शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट), मार्जिन ०.६ झालं. हुरूप आला. २ वर नेली तर ते पुन्हा ०.४ च्या खाली. ३ वर चुका इतक्या वाढल्या की एरर करेक्शनची हद्द ओलांडली आणि लिंक पडली.

चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझरवर ओएसएनआर, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती मोठा ते प्रमाण, प्रत्येक पायरीला सुधारताना दिसत होता. दोन दिवस मी चॅनेलचा प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर संशय घेतला, कार्डसुद्धा बदललं. शेवटी सरांना फोन केला.

"नॉइज मोजतोयस कुठे? दोन चॅनेलच्या मधल्या फटीत ना?"

"हो सर."

"मग चॅनेलच्या पोटात काय झालंय ते तुला तिथे कसं दिसणार?"

तिथे उलगडा झाला. प्रकाशाच्या तीव्रतेनुसार काचेचा अपवर्तनांक किंचित बदलतो, हा केर परिणाम. बदल अगदी नगण्य, पण प्रकाश जेमतेम १० मायक्रॉनच्या जागेत कोंडलेला आणि वाट शेकडो किलोमीटरची. त्यामुळे प्रत्येक चॅनेल स्वतःची आणि शेजाऱ्यांचीही फेज, म्हणजे तरंगाच्या चढउताराची वेळ, हलवतो. तीन तरंग मिसळून चौथा तयार होतो आणि तो दुसऱ्या एखाद्या चॅनेलच्या डोक्यावर जाऊन बसतो. रिसीव्हरला हे सगळं नॉइजसारखंच दिसतं. पॉवर दुप्पट केली की सिग्नलच्या तुलनेत एएसई निम्मा होतो, पण हा दुसरा गोंगाट, म्हणजे नॉनलिनियर नॉइज, आठपट वाढतो, सिग्नलच्या तुलनेत चौपट. म्हणून पॉवर आणि मार्जिनचा आलेख टेकडीसारखा येतो. टेकडीच्या माथ्यावर नॉनलिनियर नॉइज एएसईच्या बरोबर निम्मा असतो. कुठल्याही लिंकवर हेच प्रमाण निघतं, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

आम्ही १ डीबीएमवर त्या माथ्यावरच उभे होतो. पॉवर कुठेही फिरवली तरी खालीच जाणार. उरला एकच मार्ग, एएसई कमी करणं. स्पॅनमध्ये प्रकाश जितका जास्त घटतो, म्हणजे लॉस जितका जास्त, तितका ॲम्प्लिफायरचा नॉइजही जास्त. मग एकेका स्पॅनचा लॉस काढत बसलो. इतर स्पॅन २१ डेसिबलच्या आसपास, पण अकोल्याच्या पुढचा एकटा २९! त्या एका स्पॅनचा नॉइज जवळजवळ सहा चांगल्या स्पॅनइतका होता.

ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये कुठे किती प्रकाश घटतो ते दाखवणारं यंत्र, लावला तर ३१ व्या किलोमीटरपाशी लॉसच्या तीन पायऱ्या. रस्ता रुंदीकरणात केबल तुटली होती आणि घाईत जोडली होती. वाकलेल्या फायबरमधून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. इथे १६२५ नॅनोमीटरवर लॉस १५५० पेक्षा जास्त आला, म्हणजे नुसता जॉइंट वाईट नव्हता, फायबर कुठेतरी वाकलेलंही होतं. क्लोजर, म्हणजे जॉइंटची पेटी, उघडल्यावर दिसलं, ट्रेमधला वळसा फारच आवळलेला. स्प्लायसरदादांनी दुपारच्या उन्हात, ताडपत्रीच्या आडोशाला तिन्ही जॉइंट नव्याने केले आणि वळसा सैल सोडला. स्पॅन २४ वर आला.

त्या रात्री पॉवर पुन्हा अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने फिरवली. आता माथा ०.५ डीबीएमवर सरकला होता, म्हणजे आधीपेक्षा कमी प्रकाशात लिंक जास्त चांगली चालत होती. मार्जिन १.६. तिथेच ठेवून ७२ तासांची चाचणी लावली. चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं, न सुधारता आलेला एकही एरर नव्हता.