थरथर फक्त वळणावर: मिनी ट्रॅक्टर, नोंद सातवी

मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिलं होतं, की क्लच प्लेट बदलून झाली, आता महिनाभर ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. आठवडाही गेला नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर. मागे ६०० लिटर टाकीचा ओढायचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र. मुक्काम निफाड तालुका, नऊ फुटी ओळींची द्राक्षबाग. बाग धाकटा भाऊ बघतो. मी नाशिकला नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी येऊन त्याच्या चालू यंत्रात बिघाड करतो, असं त्याचं म्हणणं.

बुधवार, फोनवर

"दादा, उभा असला की काही नाही. सरळ ओळीत थोडं जाणवतं. पण टोकाला वळलं की सीटखाली असं खडखडतं, की पत्र्यावर पाय ठरत नाही."

गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची) तीन आठवड्यांवर. एकदा छाटणी झाली आणि डाऊनीच्या (बुरशीच्या रोगाच्या) फवारण्या सुरू झाल्या की ब्लोअर उभा ठेवता येत नाही. त्याला सांगितलं, वळताना पीटीओ (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) बंद कर, शनिवारी येतो.

अडचण अशी होती, की त्या आठवड्यात एक नाही, दोन कामं झाली होती. ट्रॅक्टर मधून दोन भाग करून क्लचचं काम मिस्त्रीने केलं. ट्रॅक्टर त्याच्याकडे आहेच, तर रिकामा कशाला बसू, म्हणून पीटीओ शाफ्टचे, म्हणजे पीटीओपासून ब्लोअरपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, दोन्ही क्रॉस (टोकांच्या वाकणाऱ्या सांध्यांमधले फुलीसारखे तुकडे) मी घरी बदलले. मग संशय कोणावर येणार? अर्थात मिस्त्रीवर. प्लेट सेंटरला बसली नसेल, फ्लायव्हीलचे बोल्ट नीट आवळले नसतील, असं सगळं मी बसमध्ये बसूनच ठरवून टाकलं होतं.

शनिवार

गाडी पुन्हा फोडायच्या आधी निदान दोष ट्रॅक्टरच्या आत आहे की बाहेर, एवढं तरी कळावं, म्हणून टप्प्याटप्प्याने गेलो.

पीटीओ बंद, इंजिन २४०० आरपीएमवर: नेहमीची थरथर, जास्त काही नाही. क्लच दाबून आणि सोडून पाहिलं, फरक नाही. मग शाफ्ट काढून ठेवला आणि नुसता पीटीओ सुरू केला. मागे स्प्लाइनचा (खाचांचा) तुकडा एकटाच गरगर फिरतोय, आणि ट्रॅक्टर शांत. इथेच मिस्त्री सुटला. (त्याला मी अजून काही बोललो नव्हतो, हे नशीब.)

मग शाफ्ट जोडला, पण ब्लोअरचा गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवला, म्हणजे पंखा बंद. पंख्याच्या पात्यांवर औषधाचा थर साचून तोल जातो आणि तोही असाच थरकाप करतो, तो गोंधळ मला मध्ये नको होता. ट्रॅक्टर-ब्लोअर सरळ रेषेत: थोडी थरथर. मग ट्रॅक्टर पुढे-मागे करून ब्लोअरशी साधारण ४० अंशांचा कोन केला आणि उभ्या गाडीवरच पीटीओ लावला. भाऊ म्हणत होता ते अगदी खरं. डिझेल टाकीचं झाकण नाचत होतं.

आता मोबाइल. फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातलं. फोनमधला सेन्सर वापरून कंपनात कुठली वारंवारता किती जोरात आहे याचा आलेख ते काढतं. फोन मडगार्डला सायकलच्या ट्यूबने आवळून बांधला. खिशात किंवा सीटवर ठेवून उपयोग नाही, फोम सगळं खातो.

आलेख वाचायचा तर आधी आपले आकडे हातात हवेत. माझ्या गाडीत इंजिन २४०० ला पीटीओ ५४० फिरतो. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे, ९ हर्ट्झ. इंजिन सेकंदाला ४० फेरे, आणि तीन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकमध्ये एका फेऱ्याला दीड स्फोट, म्हणून ६० हर्ट्झ. ४० आणि ६० चे सुळके दिसले तर ते इंजिनाचे, त्यांच्याकडे बघायचं नाही. ९ वर सुळका आला तर शाफ्ट फेऱ्याला एकदा झटका देतोय, म्हणजे कुठेतरी आऊट (मध्यापासून सरकलेला) आहे किंवा तोल गेलाय. १८ वर आला तर फेऱ्याला दोनदा, आणि असा झटका देणारा मुख्य संशयित म्हणजे क्रॉस जॉइंट.

वळणावरचा आलेख: १८ वर खांबासारखा सुळका. ९ वर एक लहान, पण आहेच. सरळ रेषेत १८ वाला बराच खाली, ९ वाला जसाच्या तसा.

अंधार पडला. किल्ली काढून खिशात ठेवली आणि जेवायला गेलो.

शनिवार, रात्री, खाटेवर

क्रॉस जॉइंट कोनात फिरला की एकसारखा फिरत नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असतं. पण किती, ते मी कधी आकड्यात मांडलं नव्हतं. एका बाजूने ५४० स्थिर दिले, तर दुसऱ्या बाजूचा वेग ५४० गुणिले कोनाची कोसाइन ते ५४० भागिले तीच कोसाइन, या दोन टोकांमध्ये हलतो. एका फेऱ्यात दोनदा वर, दोनदा खाली. २० अंशांना हे होतात ५०७ ते ५७५. म्हणून शाफ्टला दोन जॉइंट. पहिल्याने घातलेली लय दुसरा मोडून काढतो. मात्र अटी दोन: मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबोटी भाग) एकाच पातळीत हवेत आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत. योक ९० अंशांनी फिरलेले असले, तर दुसरा जॉइंट पहिल्याची चूक मोडत नाही, त्यात आपली भर घालतो.

आणि माझा शाफ्ट चौकोनी आहे. चौकोनी नळीत चौकोनी बार. तो चार प्रकारे आत जातो, त्यातले दोन बरोबर आणि दोन चूक.

क्रॉस काढण्याआधी मी खडूने खूण केली होती, हे मला स्वच्छ आठवत होतं. नंतर शाफ्ट डिझेलने घासून लख्ख धुतला होता, हेही.

बॅटरी घेऊन गोठ्यामागे गेलो. गार्डची प्लास्टिकची नळी सरकवून पाहिलं. ट्रॅक्टरकडचा योक उभा, ब्लोअरकडचा आडवा.

रविवार

शाफ्ट ओढला, पाव फेरा फिरवला, परत घातला. पाच मिनिटांचं काम. यावेळी खूण छिन्नीने.

वळणावर १८ चा सुळका निम्म्याहून खाली आला. सरळ रेषेत दिसेनासा झाला. भाऊ खूश. मी अर्धाच, कारण ९ वाला तसाच होता आणि वळणावर १८ पूर्ण जात नव्हता.

आधी ९. शेजारच्या गावातल्या लेथवाल्याकडून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) आणि मॅग्नेटचा स्टँड आणला होता. मोठ्या ऐटीत नळीवर लावला आणि मग लक्षात आलं, की चौकोनी नळीवर काटा कसा लागणार. नळी योकला जिथे वेल्ड केली आहे तिथे गोल गळा आहे, मोजायची जागा ती. इंजिन बंद, शाफ्ट हाताने फिरवायचा. ब्लोअरकडे काटा ०.२ मिमी हलला, ट्रॅक्टरकडे १.१.

योक वाकला असेल, वेल्ड तिरपा असेल, हे विचार येऊन गेले. पण गळा हातात धरून दाबला तर क्रॉसच्या एका अक्षावर बारीकसं टक्-टक्. क्रॉसच्या टोकांवरच्या कॅपमधल्या बेअरिंगच्या सुयांचा ढिलेपणा नव्हे, अख्खा क्रॉस सरकत होता. लॉक (कॅप जागेवर धरणाऱ्या कड्या) काढून पाहिले. तीन नवे, एक जुना. आता आठवलं: बसवताना एक नवा लॉक पक्कडीतून उडाला होता, भूसकटाच्या ढिगात गेला, आणि मी जुन्या किटमधला घातला होता. मायक्रोमीटरने नवा २.० मिमी, जुना १.५. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत क्रॉस एका बाजूला जाऊन बसायचा, म्हणजे शाफ्टचा मध्य अर्धा मिमी सरकलेला, म्हणजे गेजवर जवळपास १. हिशेब जुळला.

नवा लॉक तालुक्याला जाऊन आणला. एकटा लॉक कोणी देत नाही, पूर्ण किट घ्यावा लागला. बसवल्यावर गेज ०.३. आलेखात ९ वर आता एक टेकाड उरलंय, शोधलं तर सापडेल एवढंच.

पुढचा शनिवार

वळणावरचा उरलेला १८. योक एका पातळीत आहेत, मग दुसरी अट राहिली, ती कोनांची. ओढायच्या अवजाराला वळणाचा बिंदू म्हणजे हिचची (ट्रॅक्टर-अवजार जोडणीची) पिन. ती दोन जॉइंटच्या बरोबर मधोमध असेल तर वळताना कोन सारखे वाटले जातात. टेपने मोजलं: पिनपासून ट्रॅक्टरकडचा जॉइंट २४ सेंमी, ब्लोअरकडचा ४१. जो जॉइंट पिनच्या जवळ, त्याच्या वाट्याला मोठा कोन. ४० अंशांच्या वळणात ट्रॅक्टरकडे सुमारे २५ आणि ब्लोअरकडे १५ येतात. योक बरोबर असूनही उरलेली लय एकट्या २० अंशांच्या जॉइंटइतकी, म्हणजे तेच ५०७ ते ५७५. योक चुकीचे असताना हाच आकडा ४७२ ते ६१८ होता. योक बरोबर बसेपर्यंत ब्लोअरच्या गिअरबॉक्सने वळणावर हे सेकंदाला अठरा वेळा सोसलं.

ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीला) मागे ८ सेंमीवर आणखी एक भोक आहे. इतकी वर्षं ते कशाला आहे असा प्रश्नही पडला नव्हता. पिन तिथे नेली की २४ चे ३२ झाले आणि कोन सुमारे २३ व १७. लय ५२३ ते ५५७ वर, म्हणजे हेलकावा निम्मा.

पण जॉइंटमधलं अंतर ८ सेंमीने वाढलं म्हणजे नळी आणि बार एकमेकांत तेवढे कमी शिरणार. आधी २३ सेंमी आत होता, आता १५. तुकडे ३६ सेंमीचे, किमान एक तृतीयांश आत हवा हा नियम धरला तर १२ पुरतात, म्हणून चालवून घेतलं. हे सरळ उभं असताना मोजलं, कारण अशा हिचवर शाफ्ट सरळ रेषेत सर्वांत लांब असतो, वळला की आत जातो. तुमच्याकडे शाफ्ट कापून आखूड केलेला असेल तर हे मोजल्याशिवाय पिन हलवू नका.

गार्ड परत चढवला, साखळ्या लावल्या. मोजमापासाठी तो दोन दिवस मागे सरकवलेला होता, आणि त्या दोन दिवसांत चालू पीटीओच्या मागे कोणीही गेलं नाही, मीसुद्धा. सेकंदाला नऊ फेरे घेणारा बार उपरण्याचं टोक पकडतो तेव्हा हात सोडवायला वेळ मिळत नाही.

भावाने टाकीत अर्धं पाणी भरून चार ओळी मारल्या. पंखा चालू, वळणावरही पीटीओ चालू, मुद्दाम. आला तेव्हा म्हणाला, "आता फक्त पंख्याचं जाणवतंय." पंखा लावून आलेख घेतला, तर खरंच एक नवीन सुळका आहे, बराच वर. पाती खरवडून धुवायची आहेत. गिअरबॉक्सचं तेलही काढून बघणार, त्यात झिजलेल्या धातूची चमक दिसते का ते. नोंद आठवीत.

मिस्त्री संध्याकाळी चहाला आला होता. क्लच कसा चाललाय विचारलं. एकदम झकास, म्हटलं. छिन्नीच्या खुणेकडे त्याची नजर गेली, पण बोलला काही नाही.