फायर चार, कार्ट्रिज तीन

ऑपरेशनला अडीच तास लागले, क्वेरीला साडेपाच.

घोडबंदर रोडवरचं रुग्णालय. उजव्या बाजूचं मोठं आतडं काढलेला पेशंट सहाव्या दिवशी घरी निघालेला. गॅस पास झालेला, मऊ भात पचलेला, नातेवाइकांनी पिशव्याही भरलेल्या. अकरा वाजता फाइल टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीकडे, मंजुरीसाठी गेली. दोन वाजता एका ओळीची क्वेरी आली: 'एका जोडाला चार फायर का? बिलात कार्ट्रिज तीनच. खुलासा करावा.' फायर म्हणजे स्टेपल लावत आतडं कापणारी गन एकदा चालवणं, कार्ट्रिज म्हणजे तिच्यात भरायचा स्टेपलचा संच.

सर्जन म्हणून मी वैतागून 'गरजेनुसार' एवढंच लिहून पाठवलं. दीड तासानं तीच क्वेरी जशीच्या तशी परत आली.

मग फोड करून लिहिलं. पहिला फायर लहान आतडं कापायला, दुसरा मोठं. दोन्ही टोकं स्टेपलनं बंद होतात, मळ पोटात सांडत नाही. नंतर आतडी शेजारी-शेजारी धरायची, मेझेंटरीच्या (आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणारा पडदा) विरुद्ध कडेला छोटी भोकं पाडून लिनियर कटरचा, म्हणजे त्याच गनचा, एकेक जबडा आत सरकवायचा. तिसऱ्या फायरला मधली भिंत कापली जाते आणि वाट एक होते. जबडे जिथून घातले ते भोक बंद करायला चौथा. आणि कार्ट्रिज तीन का, तर आमच्याकडची गन एक कार्ट्रिज भरूनच येते! बिलात ती 'गन' म्हणून लागते, उरलेली तीन 'रीलोड' म्हणून. एवढ्यासाठी माणूस कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून.

आता हेही खरं, की चौथा फायर टाळता येतो. ते भोक हातानं शिवता येतं: ३-० पीडीएस (हळू विरघळणारा धागा), कडेपासून ५ मिमी, दोन टाक्यांत तेवढंच अंतर. सबम्यूकोसा, म्हणजे आतल्या अस्तराखालचा थर, सुईत आलाच पाहिजे, आतड्याची ताकद त्याच थरात. आधी जोड करून मग दोन्ही आतडी एकदम कापली तर दोन फायरमध्येही भागतं. पण गाठीच्या अडथळ्यानं लहान आतडं फुगलेलं होतं, ७५ मिमीच्या जबड्यात दोन्ही आडवी मावली नसती. हे वाक्य ऑपरेशन नोटमध्येच हवं होतं, ती चूक माझी.

कार्ट्रिजचे स्टिकर ऑपरेशन थिएटरमध्येच नोटच्या मागे चिकटवून घ्या, डबे कचऱ्यात गेले की मिळत नाहीत. प्रत्येक फायरपुढे कार्ट्रिजचा रंग लिहा, स्टेपलची उंची त्यावरून कळते. इथे निळं चाललं, भिंत जाड असती तर हिरवं लागलं असतं. जबडा मिटल्यावर पंधरा सेकंद दाबून थांबायचं आणि मग फायर करायचं, हे क्वेरीत कोणी विचारत नाही, पण रक्तस्राव त्यानंच कमी होतो. तरी भोक बंद करण्याआधी आतली स्टेपलची ओळ डोळ्यांनी बघायचीच. दोन आतडी जिथे मिळतात त्या बेचक्यात ३-० व्हिक्रिलचा (हाही विरघळणारा धागा) एक आधाराचा टाका, ताण तिथेच येतो.

मंजुरी साडेचारला आली. जोड गळायचा असेल तर बहुतेकदा पाचव्या ते सातव्या दिवशी कळतो, आणि अनेकदा तापाआधी नाडी वाढते. म्हणून निघण्याआधी पुन्हा मोजली. ८२.