पाड्याची लोकसंख्या कोणी सांगायची? : ग्रामसडक सर्वेक्षणातील माझा अनुभव

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यासाठी आमच्या तालुक्यातील जोडरस्ता नसलेल्या वस्त्यांचे सर्वेक्षण करताना माझा सर्वांत जास्त वेळ खर्च झाला तो एका प्रतिस्वाक्षरीसाठी. डोंगर चढून पाड्यापर्यंत जाणे, पायवाट चालत मोजणे, रेंज मिळेल तिथे उभे राहून ॲपवर माहिती भरणे ही कामे कष्टाची होती, पण ती रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. कागद मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरून पुन्हा माझ्याच हातात येत होता. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून काम करणाऱ्या बाईला फाइल अडकण्याचे नवल वाटायचे कारण नाही. परंतु ही फाइल ज्या मुद्द्यावर अडकली तो मुद्दा कोणत्याही आदिवासी तालुक्यातील अभियंत्यापुढे येऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तालुक्याचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण त्या कार्यालयात माझी अजून बरीच कामे व्हायची आहेत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या या टप्प्यात 2028-29 पर्यंत देशातील 25,000 वस्त्यांसाठी 62,500 किलोमीटर बारमाही रस्ते बांधायचे आहेत आणि त्यासाठी 70,125 कोटी रुपयांचा खर्च धरलेला आहे. वस्तीची पात्रता 2011 च्या जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरते. सपाट प्रदेशात ही मर्यादा 500 असून घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रासाठी ती 250 आहे. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, त्यामुळे आमच्या दृष्टीने सगळा खेळ या 250 च्या आकड्याभोवती होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी झालेले प्रशिक्षण उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. प्रकल्प अहवालांची तांत्रिक छाननी करणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकांनी ॲप, नकाशाचे थर आणि आखणीचे निकष व्यवस्थित समजावून सांगितले. शेवटी शेजारच्या तालुक्यातील एका ज्येष्ठ शाखा अभियंत्यांनी उठून विचारले, "सर, गावाची लोकसंख्या जनगणनेत मिळते, पाड्याची कुठून आणायची?" त्यावर "ती स्थानिक पातळीवर प्रमाणित करून घ्यावी," एवढेच उत्तर मिळाले आणि आम्ही चहाला उठलो.

या योजनेचे एकक पहिल्यापासून वस्ती हे आहे, महसुली गाव नव्हे. जनगणनेचे प्रसिद्ध झालेले आकडे मात्र महसुली गावाचे असतात. सह्याद्रीच्या उतारावरील आमच्या एका महसुली गावात सहा-सात पाडे सहज असतात. त्यांतला एक डांबरी रस्त्याला लागून आणि दुसरा दोन ओहोळ ओलांडून डोंगराच्या पोटात असतो. गावाच्या एकूण आकड्यात दोघेही एकत्र, त्यामुळे कागदावर गाव कधीच जोडले गेलेले असते आणि आजारी माणसाला डोलीतून आणणारा पाडा त्या आकड्याच्या आड राहतो. तेव्हा पाड्याची वेगळी लोकसंख्या सिद्ध करणे हा औपचारिकतेचा भाग नव्हता, प्रस्तावाचा पायाच तो होता.

आमच्याकडे असे ठरले की ग्रामपंचायतीने वस्तीनिहाय लोकसंख्येचे प्रमाणपत्र द्यावे आणि त्यावर तालुक्याच्या एका कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. ग्रामसेवकांनी घरपट्टीची नोंदवही आणि कुटुंबांची यादी पाहून आकडे दिले, मी प्रमाणपत्रे नीट टॅग लावून बारनिशीत, म्हणजे त्या कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर, दिली आणि आता आठवडाभरात काम होईल असे गृहीत धरून पुढच्या गावांना निघाले. प्रकरण परत आले तेव्हा त्यावर शेरा होता : "सदर वस्त्यांच्या लोकसंख्येची बेरीज जनगणना 2011 मधील गावाच्या लोकसंख्येशी जुळत नाही. सबब त्रुटीपूर्ततेसह फेरसादर करावे."

बेरीज जुळणारच नव्हती. ग्रामसेवकांची नोंदवही आजची होती आणि जनगणना 2011 ची. तसे स्पष्टीकरण जोडून मी प्रकरण पुन्हा सादर केले, तर या वेळी शेरा आला की 2011 चाच वस्तीनिहाय आकडा सक्षम प्राधिकाऱ्याकडून घ्यावा. असा आकडा कोणाकडे असतो, या माझ्या प्रश्नावर संबंधित लिपिकांनी फाइलवरून नजर न उचलता "ते तुम्ही बघायचं, मॅडम" असे सांगितले. मी जनगणनेचे काम पाहणाऱ्या कार्यालयात गेले. तिथे जे सांगण्यात आले ते रास्तच होते : घरनिहाय नोंदी 1948 च्या जनगणना अधिनियमानुसार गोपनीय असतात आणि पाडानिहाय गोषवारा तयार केला जात नाही. ते लेखी द्या म्हटल्यावर लेखी मिळायला पुन्हा काही दिवस गेले. तो कागद जोडून प्रकरण तिसऱ्यांदा पाठवले, तेव्हा प्रतिस्वाक्षरीच्या कार्यालयाने ठेवणीतले वाक्य बाहेर काढले : "याबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन घेणे उचित होईल."

सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मार्गदर्शनाचे पत्र कोणी लिहायचे, यावरच काही काळ गेला. त्यानंतर साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) होते, मग दौऱ्यावर होते, मग मार्चअखेर आली आणि मार्चअखेरीला बिले सोडून दुसऱ्या कोणत्याही कागदाला हात लावायचा नसतो. दरम्यान माझ्या कार्यालयातून विचारणा सुरू झाली की सर्वेक्षण पूर्ण असताना तुमच्या तालुक्याची यादी अंतिम का होत नाही. बारनिशीतील बाई मला ओळखू लागल्या होत्या. आवक नोंदवही उघडण्याआधीच त्या मानेने नकार देत. दोरीने बांधलेल्या पेनाने मी भेटीच्या वहीत नाव लिहायचे आणि बाकावर बसून राहायचे, हा परिपाठ झाला होता. मला राग उशिराचा आला नाही तितका या गोष्टीचा आला की प्रत्येक शेरा वेगळा पाहिला तर नियमाला धरून होता, आणि सगळे शेरे एकत्र वाचले तर त्यांतून पाड्यापर्यंत रस्ता न्यायची वाटच उरत नव्हती.

तोडगा निघाला तो प्रशिक्षणात प्रश्न विचारणाऱ्या त्या ज्येष्ठ शाखा अभियंत्यांच्या फोनवरून. आम्हा प्रशिक्षणार्थींचा व्हॉट्सॲपवर एक गट झाला होता. एरवी त्यात शुभेच्छा आणि परिपत्रकेच येत, पण मी वैतागून माझी अडचण लिहिली आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ताई, तू दोन वेगळ्या वर्षांचे आकडे एकमेकांसमोर ठेवते आहेस. गावाचा आकडा 2011 चाच ठेव, आणि तो आजच्या नोंदवहीच्या प्रमाणात पाड्यांत वाटून दे. बेरीज आपोआप जुळेल." समजा, गावाची 2011 ची लोकसंख्या 1,200 आहे, आजच्या नोंदवहीत ती 1,500 भरते आणि एका पाड्यात आज 325 माणसे आहेत, तर त्या पाड्याच्या वाट्याला 2011 ची 260 येतात आणि पाडा पात्र ठरतो. त्यांनी आपल्या तालुक्यात वापरलेले प्रपत्रही पाठवले. लेखी मार्गदर्शनाची वाट पाहत आम्ही सगळे जिथे थांबलो होतो, तिथे शेजारच्या तालुक्यात हे काम होऊन गेलेले होते.

रस्त्यांच्या क्षेत्रात अनुभव एकमेकांना सांगण्याची सोय मुळात संस्थेच्या रूपानेच झाली, हे या निमित्ताने आठवले. 1927 मध्ये नेमलेल्या मुकुंदराव जयकर यांच्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींमधून पुढे 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, ती अभियंत्यांनी आपले ज्ञान आणि अनुभव एकत्र करावेत यासाठीच. 1943 मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात एकत्र बसले आणि राष्ट्रीय मार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंतची वर्गवारी तिथे ठरली. आम्ही आजही रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक देतो ते त्याच उतरंडीतले. मुख्य अभियंत्यांना जे 1943 मध्ये जमले, ते तालुक्याच्या पातळीवर अजून फोन नंबर असण्यावर अवलंबून आहे, ही माझी तक्रार नोंदवून पुढे जाते.

प्रमाणात वाटणी करायची तर नोंदवही कोणती धरायची, हा पुढचा प्रश्न होता. घरपट्टीच्या वहीत कुडाची घरे सुटलेली असतात. प्रत्यक्ष दारोदार मोजणी करावी, तर दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो आणि दारांना कुलपे दिसतात. म्हणून हिवाळ्यात-उन्हाळ्यात मोजणीच्या भरीस कोणी पडू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अंगणवाडी सेविकांची सर्वेक्षण नोंदवही सर्वांत विश्वासाची ठरली, कारण तिच्यात स्थलांतरित कुटुंबांची नावेही राहतात.

या वेळी मात्र कागद कार्यालयांमधून फिरवायचा नाही, माणसेच एका जागी बसवायची, असे मी ठरवले. बाजाराच्या दिवशी सगळे गावात येतात, म्हणून तोच दिवस धरून ग्रामपंचायत कार्यालयात बैठक लावली. ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडी सेविका, आशाताई, वनरक्षक आणि जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आले. गुरुजींना मुद्दाम बोलावले होते, कारण 2011 मध्ये प्रगणक म्हणून त्यांनीच या गावात काम केले होते. त्यांनी कोणतीही गोपनीय नोंद सांगितली नाही. फक्त त्या वेळी कोणता पाडा गावाच्या हद्दीत धरला होता आणि कोणता शेजारच्या गावात, एवढे नकाशावर बोट ठेवून दाखवले. एक पाडा आम्ही सरळ चुकीच्या गावाच्या खात्यावर टाकणार होतो, ते तिथे टळले. वनरक्षकांनी सांगितले की नकाशावर दूर दिसणारे दोन पाडे पायवाटेने हाकेच्या अंतरावर आहेत. ही माहिती मोलाची होती, कारण योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांपासूनच 500 मीटरच्या आतील वस्त्यांची, डोंगराळ भागात दीड किलोमीटर पायवाटेच्या अंतरातील वस्त्यांची, लोकसंख्या एकत्र धरता येते. वरच्या हिशेबात आज 300 माणसे असलेला पाडा 240 वर येऊन अपात्र होतो. शेजारचा पाडा जोडला की दोघेही पात्र होतात.

प्रतिस्वाक्षरीच्या कार्यालयातील अधिकाऱ्यांनाही मी लेखी निमंत्रण दिले होते आणि ते आले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. त्यांनी बेरजा स्वतः तपासल्या, बैठकीच्या इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या घेतल्या आणि त्याच टेबलावर प्रमाणपत्रांवर प्रतिस्वाक्षरी करून गोल शिक्का मारला. नंतर चहाचा कप उचलत त्यांनी मला विचारले, "मॅडम, हे पहिल्यांदाच असं का नाही आणलंत?" मी काय उत्तर दिले असते ते वाचकांनी ताडावे, प्रत्यक्षात मी प्रमाणपत्रे पिशवीत भरली.

आता काही गोष्टी आठवतील तशा सांगते. एसटीच्या आगाराला सर्वेक्षणात कोणी धरत नाही, तेव्हा ती उणीव आपण भरून काढावी. आमच्या मार्गावरच्या मुक्कामी गाडीच्या वाहकांनी पाच मिनिटांत सांगितले की वरच्या पाड्याची माणसे आम्ही आखलेल्या ट्रॅक्टरच्या वाटेने येतच नाहीत. ती दुसऱ्या खिंडीतून शाळेच्या फाट्यावर उतरतात, कारण आरोग्य उपकेंद्र आणि रेशनचे दुकान तिकडे आहे. मुलींच्या मोफत पासांसाठी शाळेने दिलेल्या यादीतही त्या पाड्याच्या मुली त्याच फाट्यावर चढत असल्याचे दिसले. आम्ही आखणी बदलली. रस्ता थोडा लांबला, परंतु आधीच्या रस्त्यावर माणसे चाललीच नसती.

250 च्या खाली राहिलेले पाडे यादीतून गाळून मोकळे होऊ नये. त्यांची वेगळी यादी त्याच बैठकीत करून घ्यावी, कारण आदिवासी पाड्यांसाठी राज्याची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजनाही आहे आणि तिथे हीच माहिती पुन्हा लागते. छायाचित्र काढताना चौकटीत कायमची खूण घ्यावी, मंदिर, विहीर किंवा शाळा. नुसत्या झाडीचा फोटो पाहून छाननी करणाऱ्याला काहीच उमगत नाही. प्रत्येक पत्र दोन प्रतींत न्यावे आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय बारनिशीसमोरून हलू नये.

वनजमिनीचा विषय सुरुवातीलाच हाती घ्यावा, हे आधी सांगायला हवे होते. वनहक्क अधिनियम 2006 च्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, मात्र हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत. 6 मीटर रुंदीचा पट्टा धरला तर 1 हेक्टरमध्ये साधारण 1,650 मीटर लांबी बसते, त्यामुळे पाड्याच्या बऱ्याचशा रस्त्यांना ही तरतूद पुरते. अडचण येते ती गणपूर्तीची, कारण निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि मोठ्या गावाच्या ग्रामसभेत ते कधी जमत नाहीत. अनुसूचित क्षेत्रात पाड्याच्या पातळीवर ग्रामसभा भरवता येते. ती पावसाळ्यात, भातलावणी उरकल्यावर ठेवली तर सगळे घरी असतात. आमच्या वरच्या पाड्याची सभा तशी झाली, ठराव मंजूर झाला आणि प्रपत्र-अ वनपरिक्षेत्र कार्यालयात दाखल केले आहे. पोच माझ्याकडे आहे, आणि तिच्या दोन झेरॉक्सही काढून ठेवल्या आहेत.