आरसीवर विलिस, चासीवर फोर्ड: युद्धकालीन जीपच्या क्रमांकांचा शोध

आमच्या जुन्या लष्करी जीपच्या आरसी बुकात ‘विलिस, १९४४’ अशी नोंद असून चासी आणि इंजिन या दोन्ही रकान्यांत ‘३जे’ने सुरू होणारा एकच क्रमांक लिहिलेला आहे. तेवढ्यावरूनच शंका येते, कारण ३जे ही खूण विलिसच्या सीजे-३ए या नागरी जीपच्या इंजिनावर असते आणि ते मॉडेल युद्ध संपून काही वर्षे उलटल्यावर बाजारात आले. मुंबईत महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर लष्करी लिलावातून आलेल्या गाडीचे झिजलेले इंजिन काढून तिच्यात नागरी इंजिन बसवणे अगदी स्वाभाविक होते. पुढे तपासणीच्या वेळी चासीवरचा क्रमांक सापडला नाही म्हणून इंजिनाचाच क्रमांक दोन्हीकडे उतरवला गेला असावा, असा माझा तर्क आहे.

युद्धकाळात विलिसच्याच आराखड्यावर फोर्डनेही जीप बनवल्या; विलिसच्या जीपला एमबी, तर फोर्डच्या जीपला जीपीडब्ल्यू म्हणत. गंमत अशी की, दोन्ही रकान्यांत एकच क्रमांक असणे फोर्डच्या गाडीला शोभून दिसले असते. फोर्डच्या कारखान्यातून निघणाऱ्या जीपीडब्ल्यूच्या चासीवर आणि इंजिनावर सारखाच क्रमांक ठोकलेला असे, तर विलिसच्या एमबीमध्ये हे दोन क्रमांक वेगळे असत. एमबीची मालिका १९४१ च्या अखेरीस १००००१ पासून सुरू झाली, आणि तिचा चासी क्रमांक चासीच्या डाव्या लांब तुळईच्या पुढच्या टोकाला, आतल्या बाजूस रिव्हेट केलेल्या लहानशा पट्टीवर असे. ती पट्टी गळून पडली की एमबीची ओळख पटवणे फार अवघड होऊन बसते.

त्यामुळे क्रमांक शोधण्याआधी लोखंड पाहावे, हा क्रम मी पाळला. रेडिएटरच्या खालचा पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे दोन्ही तुळयांना जोडणारा आडवा भाग, विलिसमध्ये गोल नळीचा असतो, तर फोर्डमध्ये तो उलट्या ‘यू’ आकाराच्या पन्हळीचा असतो. आमच्या गाडीत तो पन्हळीचा निघाला. जुन्या ग्रीसखालून काही बोल्टांच्या डोक्यांवर फोर्डचे वळणदार ‘एफ’ अक्षरही दिसले, पण त्याला मी दुय्यम पुरावा मानतो. बोल्ट एका गाडीतून दुसऱ्या गाडीत सहज जातो, क्रॉसमेंबर सहसा जात नाही. बॉडी स्थानिक पत्र्याची आहे, तिच्याकडून काही कळण्यासारखे नाही.

चासी फोर्डची म्हणजे क्रमांक पट्टीवर नसून डाव्या तुळईच्या वरच्या पृष्ठावर, पुढच्या भागात ठोकलेला असणार. तिथे रंगाचे अनेक थर आणि त्यावर ग्रीसची पुटे होती. ग्राइंडर किंवा तारेचे चाक अशा ठिकाणी अजिबात वापरू नये, कारण ठशाची खोली आधीच गंजाने कमी झालेली असते आणि उरलेलीही क्षणात निघून जाते. आम्ही रॉकेलने ग्रीस उतरवले, रंग काढण्याचे द्रावण लावून मऊ झालेला थर लाकडी पट्टीने खरवडला आणि शेवटी पितळी ब्रश हलक्या हाताने फिरवला. मग विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरल्यावर ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे आणि पाठोपाठ सहा अंक सावलीसारखे उमटले. आरटीओत चासीचा पेन्सिलने छाप घेतात तसाच पातळ कागदावर छाप घेतला असता पाच अंक निःसंदिग्ध आले. चौथा मात्र ३ आहे की ८, हे सांगता येत नाही.

त्या अंकावर ठसा मारून तो ‘स्पष्ट’ करण्याचा सल्ला एका गॅरेजवाल्याने दिला. तो मानणे धोक्याचे आहे. असा ठसा कायद्याच्या नजरेत खाडाखोड ठरतो आणि मूळ पुरावा कायमचा बुजतो. डॅशबोर्डमधल्या हातमोज्यांच्या कप्प्यावर (ग्लोव्ह बॉक्सवर) लावायच्या नव्या नामपट्ट्यांबद्दलही माझे मत तसेच आहे: कोऱ्या पट्ट्या विकत मिळतात आणि त्यांवर हवा तो क्रमांक व हवी ती सुपूर्द-तारीख उमटवता येते, सजावट म्हणून त्या लावाव्यात, पुरावा म्हणून दाखवू नयेत.

हा खटाटोप केवळ हौसेपुरता नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांची व्हिंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते, मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आमचे इंजिन आणि बॉडी पाहता अर्ज करण्याआधी जाणकाराचे मत घ्यावे लागेल, आणि आरसीतील चासी क्रमांकाची दुरुस्ती तर त्याच्याही आधी.

बॉनेट जुने वाटते. अमेरिकी लष्कराच्या जीपचा नोंदणी क्रमांक बॉनेटच्या बाजूला रंगवलेला असे आणि तो २० ने सुरू होई. पाण्यासोबत वापरायच्या बारीक सँडपेपरने एकेक थर घासून तो सापडतो का, हे पावसाळ्यानंतर पाहीन. हा क्रमांक कारखान्याच्या क्रमांकाहून वेगळा असल्याने चौथ्या अंकाचा निकाल त्यातून लागणार नाही. त्यासाठी ज्यांच्याकडे फोर्डची मूळ चासी आहे, त्यांनी तिच्यावरील ३ आणि ८ या ठशांचे तिरप्या प्रकाशातले छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाठवले तर दोन्ही अंकांची वळणे आमच्या छापाशी ताडून पाहता येतील.