रंगाची खोड

जर्मन शेफर्ड म्हणजे पाठीवर काळं खोगीर आणि पोटाकडं तांबूस अंग, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्या गावात त्याला अजूनही अल्सेशियनच म्हणतात. त्यामुळं भाच्यानं नागपूरहून आणलेलं पिल्लू खोक्यातून बाहेर आलं तेव्हा ओसरीवरची मंडळी एकमेकांकडं पाहू लागली. पिल्लू पांढरंशुभ्र. "याचा रंग कुठं उडाला गा?" शेजारच्या मावशींनी विचारलंच.

काकाजी मात्र काही न बोलता खाली बसले. आर्वीकडचा आमचा पट्टा पांढऱ्या गवळाऊ बैलांचा, त्यामुळं पांढऱ्या रंगाचं त्यांना अप्रूपही नाही आणि भीतीही नाही. बैलबाजारात पारखावं तसं त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून पाहिलं, पाय उचलले, डोळ्यांपुढं बोट फिरवलं. "नाक काळं, डोळे काळे, पंजांचे तळवे काळे. कातडं बरोबर आहे. खोड नाही."

शास्त्रही हेच म्हणतं. हा रंगहीनपणाचा आजार नव्हे. आई आणि बाप दोघांकडूनही एक दबलेलं जनुक आलं, की केसांत काळा रंग उतरत नाही. नाकाडोळ्यांत मात्र तो राहतो. मायबाप नेहमीच्या रंगाचे असूनही पोटी पांढरं पिल्लू येतं ते असं.

गंमत पुढंच आहे. या जातीच्या जर्मन नोंदवहीत १८९९ साली पहिलं नाव लागलं ते होरांड या कुत्र्याचं. त्याच्या आईचा बाप पांढरा होता! तरी १९३३ मध्ये तिथल्या नियमांनी पांढरा रंग बाद ठरवला. आज्याचा रंग नातवंडांत दिसला की गुन्हा, असला हा न्याय. पुढं स्वित्झर्लंडनं याच पांढऱ्यांची वेगळी जात मानली आणि २०११ मध्ये तिला कायमची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. म्हणजे कुत्रा तोच, फक्त वहीचं पान बदललं. आमच्या गावात वहीच नाही, हे पिल्लाचं नशीब.

खरी अडचण निघाली ती जमिनीची. पावसाळ्यातल्या काळ्या चिकट मातीत पांढरं अंग टिकणार किती! बांधावरून एक चक्कर मारून आलं की पोटापर्यंत रंग बदललेला. वहिनी रोज बादली घेऊन बसतात, वर बडबडही करतात. काकाजींना मात्र हाच रंग सोयीचा वाटतो. जागलीला अंधारात रानडुकरं काळी, हा पांढरा. काठी चुकीच्या पाठीवर पडायची नाही. अजून तो जागलीच्या वयाचा व्हायचाय, ते सोडा. सध्या चपला पळवणं हेच काम.

नावावरून मात्र दोन दिवस भांडण चाललं. भाचा म्हणे स्नोई. आमच्याकडं बर्फ दिसतो तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. पोट्ट्यांनी कापूस सुचवलं, तेव्हा काकाजी उखडलेच.

"कापूस नोका म्हनू रे त्याले. घरात येताबरोबर भाव पडते!"