आधी प्रत, मग दुरुस्ती: बॅड सेक्टर पडलेल्या हार्ड डिस्कचा माझा अनुभव

माझा व्यवसाय अक्षरजुळणीचा आहे. सदाशिव पेठेतल्या छोट्या कार्यालयात वर्षभर पुस्तके आणि पावसाळ्यापासून दिवाळी अंक, असा कामाचा क्रम असतो. जुन्या कामांच्या पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या फायली एक टेराबाइटच्या ज्या हार्ड डिस्कवर होत्या, ती ऐन ऑगस्टमध्ये अडखळू लागली. एखादे फोल्डर उघडले की संगणक मिनिटभर गोठायचा आणि मग काहीच घडले नसल्यासारखा पुढे चालू लागायचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिले, तेव्हा डिस्कवर बॅड ब्लॉक, म्हणजे नीट वाचता न येणारी जागा, असल्याचे सांगणारी ७ क्रमांकाची नोंद वारंवार दिसली.

तपकीर गल्लीत ज्या दुकानातून मी सुटे भाग घेते, तिथल्या मुलाने लगेच निदान केले: ‘मॅडम, केबल बदला आणि फॉरमॅट मारा, होऊन जाईल.’ केबलची शंका रास्त होती, पण ती घरबसल्या तपासता येते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन त्या वाचून दाखवते. केबल खराब असेल तर १९९ क्रमांकाच्या नोंदीतला आकडा वाढतो; माझ्याकडे तो शून्य होता. ५ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे आतापर्यंत बदली केलेल्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या साठवणीच्या छोट्या कप्प्यांच्या) मोजणीतही, शून्य होते. १९७ क्रमांकासमोर मात्र ५६ होते, आणि डिस्कच्या प्रकृतीचा रंग निळ्याचा पिवळा झाला होता.

या १९७ चा अर्थ समजून घेतल्यावर पुढचा सगळा क्रम ठरला. हा आकडा ‘प्रलंबित’ सेक्टरांचा असतो. सेक्टर वाचताना त्यासोबतच्या त्रुटिदुरुस्तीच्या संकेतानेही मजकूर जुळत नसेल, तर डिस्क तो सेक्टर संशयित म्हणून नोंदवते, पण बाद करत नाही, कारण तसे केले तर आतला मजकूर कायमचा गेला असे मान्य करावे लागेल. त्या जागी नवीन काही लिहायची वेळ आली, म्हणजे ती जागा पुन्हा तपासली जाते. ठीक निघाली तर वापरात राहते, नाही तर राखीव साठ्यातला सेक्टर तिच्या बदली येतो. थोडक्यात, डिस्कची दुरुस्ती लिहिण्याने होते आणि मजकूर वाचवायचा तर लिहिणे टाळावे लागते. फॉरमॅटच्या सल्ल्यात नेमका हाच विरोध दडलेला होता. डिस्क तपासणाऱ्या विंडोजच्या चेकडिस्क या साधनातला ‘आर’ हा पर्यायही याच कारणाने मी बाजूला ठेवला. तो फाइल सिस्टीमची, म्हणजे डिस्कवरील फायलींच्या मांडणीची, घडी बसवतो, त्यासाठी आजारी डिस्क पूर्ण वाचतो, वर तिच्यावर लिहितोही, आणि घडी बसवताना अर्धवट वाचल्या गेलेल्या फायलींचे तुकडे पडू शकतात.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असता, तर यातले काहीही न करता मी ती बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत दिली असती. हेड, म्हणजे डिस्क वाचणारे टोक, बिघडलेले असेल तर प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. माझी डिस्क शांतपणे फिरत होती, म्हणून घरीच प्रयत्न करायचे ठरवले.

पेन ड्राइव्हवरून उबंटू ही लिनक्स प्रणाली सुरू करून मी ग्नू डीडीरेस्क्यू ही आज्ञावली वापरली. प्रत घेण्यासाठी दोन टेराबाइटची नवी डिस्क आणली आणि ती एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये असल्याची खात्री केली, कारण फॅट ३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि इथे तर अख्ख्या डिस्कची एकच फाइल होणार होती. डीडीरेस्क्यूची रीत मला फार शहाणपणाची वाटली. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडथळा आला की तिथे न घुटमळता पुढे उडी मारते. सुटलेल्या जागांच्या कडा नंतर कुरतडते आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडून पाहते. कुठे काय वाचले याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असल्याने काम मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याची सवय असलेल्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

पहिली फेरी रात्रीत झाली. उरलेल्या किरकोळ जागांनी त्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला, आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर त्यातल्या काही वाचल्याही गेल्या. जे शेवटपर्यंत हाती लागले नाही, ते आकाराने काही किलोबाइटच होते. पण किलोबाइटांवरून नुकसान मोजता येत नाही. टीआयएफएफ चित्रात रिकामा सेक्टर आला तर एखादी पट्टी काळी होते, पेजमेकरची फाइल मात्र तेवढ्यावरून उघडायचीच नाकारू शकते. म्हणून कोणत्या फायली बाधित झाल्या हे शोधणे आवश्यक होते. डीडीरेस्क्यूला प्रतीमधल्या फक्त न वाचलेल्या जागा ठरावीक शब्दाने भरायला सांगता येते. तसे करून मी प्रत माउंट केली, म्हणजे डिस्कसारखी जोडून उघडली, आणि तो शब्द ज्या फायलींत सापडतो त्यांची यादी ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने काढली. यादी छोटी निघाली. त्यात एका जुन्या दिवाळी अंकाचा एक संपूर्ण फॉर्म, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, होता. छापील अंक कपाटात असल्याने तो पुन्हा जुळवता आला. दोन जाहिरातींची मूळ चित्रे गेली, आणि ती देणारी दुकानेही आता बंद झाली आहेत.

प्रत तपासून झाल्यावरच मी जुन्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्ये लिहिली. १९७ चा आकडा शून्यावर आला आणि ५ चा वाढला, म्हणजे काही जागा खरोखरच बाद झाल्या होत्या. स्मार्टची दीर्घ चाचणीही निर्विघ्न पार पडली. दुकानातल्या मुलाच्या दृष्टीने डिस्क आता ‘ओके’ होती. मी ती मुख्य कामाला लावली नाही. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींवरून २००७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार तपासणीत पहिली त्रुटी आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते. बदललेले सेक्टर दिसत नाहीत, पण ज्या कारणाने ते बिघडले ते कारण डिस्कमध्येच राहते.

सध्या त्या जुन्या डिस्कवर फक्त मुद्रकाकडे न्यायच्या पीडीएफ फायली असतात, ज्यांची मूळ प्रत दुसरीकडे आहे. नव्या डिस्कची दीर्घ चाचणी मी दर महिन्याला रात्री लावून ठेवते, आणि सकाळी आधी १९७ चा आकडा पाहते.